तेवीस नंबर वॉर्डातलं हसू

डॉ. ज्योत्स्ना गावंडे राउंडला निघाल्या की तेवीस नंबर वॉर्डातल्या माश्यासुद्धा भिंतीवर चिडीचूप बसतात, असं नागपुरातल्या त्या मेडिकल कॉलेजात बॅचमागून बॅच सांगितलं जायचं. माश्यांचं सोडा, त्यांच्याकडे कोण बघायला गेलंय! पण माणसं खरोखरच बसायची. शिकाऊ डॉक्टर पोट आत ओढून उभे राहायचे, पेशंट पांघरूण हनुवटीपर्यंत घ्यायचे आणि नातेवाईक हातातला डबा गुपचूप खाटेखाली सरकवायचे.

आता यावरून बाई दुष्ट होत्या असं कुणी समजू नका. हृदयाच्या डॉक्टर म्हणून अख्ख्या विदर्भात त्यांचं नाव होतं. खाटेखाटेला मशीनं बोलायला लागली त्या काळातही पेशंटचा हात हातात घेऊन नाडी बघायची सवय त्यांनी सोडली नव्हती. त्यांचा नियम एकच होता, आणि पाटी न लावताही तो सगळ्यांना पाठ होता. तेवीस नंबरात हसायचं नाही. त्यालाही कारण होतं. बाई स्वतः शिकाऊ असताना वॉर्डात एक म्हातारे गृहस्थ गेले, आणि नेमकं त्याच वेळी पलीकडे सिस्टरांच्या टेबलापाशी कुणीतरी कशावरून तरी खिदळलं. त्या गृहस्थांची बायको वळली आणि एवढंच म्हणाली, "तुम्हाला हसायला येतंय?" ते वाक्य बाईंच्या मनात जे रुतलं ते रुतलंच. पुढे त्या विभागप्रमुख झाल्या, वॉर्डाच्या टोकाला त्यांनी काचेची केबिन बांधून घेतली, आणि तेव्हापासून त्या काचेसमोर कुणी दात म्हणून दाखवला नाही.

आणि देवाची करणी बघा, अशा बाईंना नवरा कोण मिळावा? नंदकिशोर गावंडे! गणेशपेठ बसस्टँडवरचे एसटीचे कंट्रोलर. फलाटावर कुठली गाडी लागतेय हे माईकवर सांगणं हे त्यांचं काम. ते कसं सांगायचे, तर असं: "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. वर्धामार्गे हिंगणघाटला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे. गाडी नवी आहे, ड्रायव्हर जुना आहे, दोघांची ओळख आजच झाली आहे. सांभाळून बसावे." लोक गाडी चुकवून ऐकत बसायचे. पुढे सगळ्या गाड्या विजेवर आल्या, फलाटावर मशीन बोलायला लागलं, आणि नंदूभाऊ रिटायर झाले. मग रोज सकाळी तर्री-पोह्याच्या टपरीवर मित्रांचा अड्डा जमवायचा आणि तिथे माईकशिवाय बोलायचं, हा त्यांचा धंदा झाला. त्यांचं हसणं म्हणजे काय सांगू! आधी खांदे हलायचे, मग पोट, मग खुर्ची. बाई त्यांच्याकडे बघून मान हलवायच्या. पण संध्याकाळी घरी पोचल्यावर जिन्यात ते हसणं ऐकू आलं की त्यांच्या पायांतला शीण उतरायचा. हे त्यांनी नवऱ्याला कधी सांगितलं मात्र नव्हतं.

दिवसभर शिकवणं आणि पेशंट, आणि उरलेल्या वेळात बाईंनी गेली बारा वर्षं एकच ध्यास घेतला होता. त्याचं नाव राखण. नाव नंदूभाऊंनीच ठेवलेलं. शेतात मचाणावर बसून रानडुकरं हाकलतात ना, तशी हृदयात बसून राखण करणारी म्हणून राखण.

वस्तू होती शेंगदाण्याएवढी. मांडीच्या शिरेतून नळीने वर नेऊन हृदयाच्या आतल्या भिंतीला ती चिकटवायची. ठोका मंदावला तर हृदयाला हलकेच ढोसायचं, आणि हृदय पिसाळल्यासारखं धडधडायला लागलं तर बारीकसा झटका देऊन ताळ्यावर आणायचं, हे तिचं काम. असं काम करणारी यंत्रं आधीही होती, पण त्यांची बॅटरी संपायची आणि म्हाताऱ्या माणसांना पुन्हा टेबलावर घ्यावं लागायचं. राखणला बॅटरीच नव्हती. हृदय दिवसाला लाखभर वेळा आकुंचन पावतं; त्या दाबाने राखणच्या अंगावरचा पातळ थर वाकायचा आणि वाकला की चिमूटभर वीज तयार व्हायची. हृदयाच्याच कष्टावर हृदयाची राखण!

पण चिमूटभर वीज म्हणजे काटकसर आली. जुनी यंत्रं हृदयातले विजेचे संदेश सतत ऐकत राहायची, आणि त्या ऐकण्यातच त्यांची निम्मी शक्ती जायची. बाईंनी आणि त्यांचा भागीदार इंजिनीअर साजिद शेख याने युक्ती केली. राखणने वीज ऐकायची नाही, नुसती हालचाल ओळखायची. हालचाल तिला फुकट कळत होती. फक्त कुठली हालचाल धोक्याची आणि कुठली साधी, हे तिला शिकवावं लागणार होतं.

ते शिक्षण झालं तेवीस नंबरात. ज्यांना पेसमेकर बसवायचाच होता अशा पेशंटांच्या परवानगीने सोबत नुसती ओळखणारी, हात न लावणारी राखण बसवली. ती जे ओळखेल ते टिपून घेणारी यंत्रणा वॉर्डाच्या छताला लावली. तीन वर्षं राखण शिकली. खोकला शिकली, तोही कोरडा, ओला, दम्याचा, तंबाखूचा, सगळ्या जातीचा. उचकी शिकली, शिंक शिकली, घोरणं शिकली. कण्हणं शिकली. रडणं तर इतकं नीट शिकली, की माणूस हुंदके देतोय की नुसता मुसमुसतोय हेसुद्धा तिला कळायचं. परीक्षेत ती शंभरपैकी नव्व्याण्णव वेळा बरोबर आली. बाईंनी त्या दिवशी साजिदला चक्क चहा पाजला.

आणि मग एका सकाळी नंदूभाऊ पोह्यांच्या टपरीवर चक्कर येऊन पडले.

हृदयाच्या स्नायूत जुना डाग निघाला. तिथून केव्हाही वेडीवाकडी धडधड सुरू होईल आणि माणूस क्षणात हातचा जाईल, असा तो डाग. बाईंनी हजारो पेशंटांच्या घरच्यांना हे सांगितलं होतं, पण स्वतःच्या बाबतीत ऐकायची वेळ आली तेव्हा त्यांना खुर्चीचा हात धरावा लागला. राखण पहिल्या टप्प्यात वीस जणांना बसवायची परवानगी मिळाली होती. बाईंनी दुसऱ्याच डॉक्टरांना निर्णय घ्यायला सांगितलं. त्यांनी तपासलं आणि विसावं नाव नंदूभाऊंचं लिहिलं.

"डॉक्टर," टेबलावर जाताना नंदूभाऊ बायकोला म्हणाले, "लग्न झालं तवापासून तू डोक्यात बसून हायेस. आता काळजातही येऊन बसतेस का?"

"अहो, गप्प बसा आता," बाई म्हणाल्या, आणि मास्क वर ओढला, कारण ओठ थरथरत होते.

महिन्याभराने नंदूभाऊ पुन्हा अड्ड्यावर जायला लागले, आणि राखणला जोडलेला बाईंचा फोन पहिल्यांदा किणकिणला. त्या वर्गात शिकवत होत्या. पडद्यावर अक्षरं आली: 'धोका आला. दूर केला. रुग्ण सुरक्षित.' बाई मुलांकडे पाठ करून फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. नवरा सकाळच्या वेळी टपरीवर बसल्या बसल्या मेला असता, आणि आपण बारा वर्षं खपून केलेल्या दाण्याने तो वाचवला! संध्याकाळी त्यांनी विचारलं, "काही जाणवलं का हो?" नंदूभाऊ म्हणाले, "हाव, थोडा धक्का बसल्यासारखं." नंतर पुन्हा किणकिणलं. पुन्हा. असं सात वेळा झालं. बाईंच्या प्रत्येक भाषणात आता एक वाक्य असायचं: "एका रुग्णाला राखणने सात वेळा मृत्यूच्या दारातून परत आणलं आहे." नाव सांगायच्या नाहीत, पण आवाज जरा हलायचा.

मग किणकिणणं बंद झालं. बाईंना वाटलं, वा, हृदय सावरलं.

घरही जरा शांत झालं होतं, पण बाईंच्या ते लक्षात यायला वेळ कुठे होता? राखण देशभर जायची होती. पुण्याच्या कंपनीशी करार झाला होता, पहिल्याच खेपेला चारशे माणसं वाट बघत होती. नंदूभाऊंनी अड्ड्यावर जाणं सोडलं. "सकाळी गारठा असते," म्हणाले. मोबाईलवर जुने विनोदी फार्स ऐकायचे, तेही सोडलं. आता ते बातम्या बघायचे, आणि त्याही शेतमालाच्या भावाच्या. मित्र घरी आले की हे पाणी आणायच्या निमित्ताने आत जाऊन बसायचे. बाईंना वाटलं, वयाने माणूस पोक्त होतोच. खरं सांगायचं तर त्यांना थोडं बरंच वाटलं. जिन्यात मात्र काहीतरी चुकल्यासारखं व्हायचं. काय चुकलंय ते काही त्यांच्या ध्यानात येत नव्हतं.

राखणच्या उद्घाटनाचा समारंभ मोठ्या हॉलमध्ये झाला. आयोजकांनी स्टेजवर हवा भरून फुगवलेलं पुरुषभर उंचीचं लालभडक हृदय उभं केलं होतं. बाईंचा सत्कार झाला, भाषण झालं, सात वेळा वाचलेला रुग्ण सांगून झाला. नंदूभाऊ पहिल्या रांगेत कोट घालून बसले होते. मग समारंभाचे अध्यक्ष बोलायला उठले. भारदस्त माणूस, भारदस्त आवाज. "या भगिनीच्या संशोधनामुळे," ते म्हणाले, "महाराष्ट्राचं हृदय आता खचणार नाही!"

आणि त्याच वेळी मागच्या हृदयातली हवा जायला लागली.

आधी ते जरासं वाकलं. मग अगदी सावकाश, जिवलग मित्रासारखं, अध्यक्षांच्या खांद्यावर येऊन टेकलं. अध्यक्षांनी न बघता कोपराने ढकललं. ते मागे गेलं आणि पुन्हा आलं. "हे हृदय ताठ उभं राहील!" अध्यक्ष म्हणाले, आणि हृदयाने त्यांच्या डोक्यावर मान टाकली. अध्यक्ष आतून बोलतच होते. हॉलमध्ये सगळे खाली बघत होते, कारण स्टेजवर गावंडे मॅडम होत्या. पहिल्या रांगेत नंदूभाऊंनी रुमाल दातांत धरला होता. चेहरा लाल झाला होता, डोळ्यांतून पाणी येत होतं. आधी खांदे हलले. मग पोट. मग खुर्ची.

आणि मग ते एकदम पाठीत कुणी रट्टा मारावा तसे दचकले. हात छातीवर गेला. बाईंच्या हातातला फोन किणकिणला. 'धोका आला. दूर केला. रुग्ण सुरक्षित.'

बाई नवऱ्याकडेच बघत होत्या. तीस वर्षांत त्यांनी हजारो रोग ओळखले, पण इतक्या लवकर कुठलाच ओळखला नव्हता.

स्टेजमागच्या खोलीत त्यांनी नंदूभाऊंना आडवं केलं, स्वतः नाडी धरली. ठोका ठीक होता. साजिद लॅपटॉप घेऊन धावत आला.

"कधीपासून होतंय हे?" बाईंनी विचारलं.

"पह्यलेपासून," नंदूभाऊ म्हणाले. "हसलो का आतून टोला बसते. पह्यले वाटलं गॅस हाय. मग ध्यानात आलं का ही बया हसूच देत नाई."

"म्हणजे ते सात वेळा..."

"सातही वेळा टपरीवरच. दोनदा तर माह्याच जोकवर."

"अहो, मग सांगितलं का नाही मला?" बाईंचा आवाज चढला. "चांगल्या चाललेल्या हृदयाला भलत्या वेळी झटका बसला तर तेच पिसाळू शकतं! जीव गेला असता तुमचा! मी डॉक्टर आहे का कोण आहे?"

"तू बारा वर्षं खपलीस डॉक्टर," नंदूभाऊ हळूच म्हणाले. "रविवार नाई पाह्यला, सण नाई पाह्यला. अन् मी काय सांगू, का तुह्या सात वेळा वाचवलेल्या पेशंटले काहीच झालं नव्हतं? मले वाटलं, हसणंच सोडून देऊ. वय झालं, किती हसाचं?"

बाईंना जिन्यात काय चुकत होतं ते तेव्हा कळलं. त्यांनी तोंड फिरवलं आणि साजिदला म्हणाल्या, "काय दिसतंय?"

साजिदचा चेहरा पडला होता. "मॅडम, माणूस पोट धरून हसतो तेव्हा छातीचा पडदा सेकंदाला पाच वेळा उडतो. मिनिटाला तीनशे. आणि हृदय पिसाळलं की तेही मिनिटाला तीनशेच्याच आसपास धडधडतं. राखणला दोन्ही एकच वाटतंय."

"पण खोकला ओळखते, उचकी ओळखते! हसणं कसं नाही ओळखत?"

"खोकला तिने हजारो वेळा पाहिलाय. हसणं..." साजिदने लॅपटॉपवर बोटं चालवली आणि थांबला. "हसणं एकदाही नाही."

"एकदाही नाही? तीन वर्षांत? वॉर्डात इतकी माणसं होती!"

साजिद जमिनीकडे बघायला लागला. "मॅडम," तो म्हणाला, "तुम्ही असायच्या ना."

बाहेर अध्यक्षांना हृदयाखालून सोडवल्याच्या टाळ्या ऐकू येत होत्या.

तेवढ्यात कंपनीचे सरदेसाई आत आले. सुटाबुटातला, गोड बोलणारा माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, यात घाबरण्यासारखं काय आहे? लोहचुंबकापासून दूर राहा असं आपण सांगतोच. त्यात एक ओळ वाढवू. 'जोरात हसणे टाळावे.' एवढ्या आजारी माणसांना जगायला मिळतंय, हसण्याचं काय घेऊन बसलात? पुढच्या वर्षी सुधारून घेऊ."

बाईंना क्षणभर ते पटलंही, हे खरं आहे. चारशे माणसं वाट बघत होती. त्यातली काही पुढच्या वर्षापर्यंत राहणार नव्हती. बारा वर्षं होती, नाव होतं. आणि एक ओळ वाढवली की सगळं आपापल्या जागी राहणार होतं. त्यांनी नंदूभाऊंकडे पाहिलं. ते मान हलवून 'ठीक आहे' म्हणत होते. इतक्या शहाण्या चेहऱ्याने म्हणत होते, की बाईंना तो चेहरा बघवेना.

"साजिद, बाकीच्या एकोणीस जणांना आत्ताच्या आत्ता फोन लाव," बाई म्हणाल्या. "सगळ्यांना आजच भरती करायचं. यांच्या राखणला सांग, नुसतं बघ, हात लावू नको. आणि हे तेवीस नंबरात मॉनिटरवर राहतील."

मग त्या परत स्टेजवर गेल्या आणि माईक हातात घेतला.

"मी मघाशी तुम्हाला एक चुकीची गोष्ट सांगितली," त्या म्हणाल्या. "राखणने एका रुग्णाला सात वेळा मृत्यूपासून वाचवलं असं मी म्हणाले. तपासाअंती असं दिसतं, की तिने त्याला सात वेळा विनोदापासून वाचवलं."

मग कुठून तरी एक फिसकन हसू सुटलं, आणि मग अख्खा हॉल हसला. बाईंसमोर माणसं हसायची ही पहिलीच वेळ होती. त्या हसण्यातच त्यांनी सांगून टाकलं, की राखणचं काम थांबलंय, हे दुरुस्त होईपर्यंत एकाही माणसाला ती बसवली जाणार नाही. वाट बघणाऱ्या चारशे जणांना आपण स्वतः फोन करू आणि प्रत्येकासाठी जुन्या यंत्राची सोय लावून देऊ, असंही सांगितलं. सरदेसाई कपाळाला हात लावून उभे होते.

एकोणीस जण आले. त्यांतल्या चौघांना असेच टोले बसले होते, आणि चौघांनीही आपापल्या परीने हसणं सोडलं होतं. सावनेरच्या एका आजींनी तर नातवाला मांडीवर घेणंच बंद केलं होतं. "बोबडं बोलते ना थो," त्या म्हणाल्या, "मले हसू येते." बाईंनी आजींचा हात हातात घेतला, नाडी बघायच्या निमित्ताने, आणि बराच वेळ सोडला नाही.

दुरुस्ती कशी करायची हे साजिदला सुचलं होतं. हसणं श्वासाच्या तालावर चालतं; दम संपला की हसणारा थांबतो, श्वास घेतो, मग पुन्हा सुरू होतो. पिसाळलेलं हृदय श्वासाला विचारत नाही. तेव्हा तीनशेची धडधड दिसली की राखणने क्षणभर श्वासाकडे बघायचं, आणि तरीही शंका उरली तरच आपली राखीव वीज खर्चून हृदयाचे विजेचे संदेश ऐकायचे. पण त्यासाठी तिने हसणं पाहायला हवं होतं. शेकडो माणसांचं, तऱ्हेतऱ्हेचं, मनापासूनचं. आधीच्या पेशंटांना परत बोलावलं गेलं. रीतसर परवानग्या आल्या. छतावरची यंत्रणा तयार झाली. बाई वॉर्डाच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"हं," त्या म्हणाल्या, "हसा."

कुणी हसेना. एका पेशंटने घाबरून हा हा हा केलं. साजिदने मान हलवली. खोटं हसताना छातीचा पडदा तसा उडत नाही, हे त्याला दोन मिनिटांत कळलं होतं. बाईंनी 'हसण्याचे शरीरशास्त्र' या विषयावर दहा मिनिटं समजावून सांगितलं. त्यानंतर वॉर्ड आणखीच गंभीर झाला.

शेवटी नंदूभाऊंनी खाटेवरून हात वर केला. "डॉक्टर, मले माईक दे. अन् तू जरा बाहेर जा."

बाई कॉरिडॉरमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. आतून आवाज आला, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. बेड क्रमांक नऊवरचे प्रवासी घोरत घोरत काटोलपर्यंत जाऊन आले आहेत. त्यांनी आता खाली उतरून चहा घ्यावा. बेड क्रमांक दोनवर लपवलेला बटाटेवडा ज्या कुणाचा असेल त्याने तो घेऊन जावा, अन्यथा तो सिस्टर खातील." आणि तेवीस नंबर वॉर्ड हसला. पोह्याच्या टपरीवरचे मित्र रोज यायला लागले. सावनेरच्या आजींचा नातू आला, तो तर एकटाच दहा माणसांचं काम करायचा. दाराबाहेर उभ्या राहून बाई ऐकायच्या. इतकी वर्षं या वॉर्डात आपण काय काय ऐकलं नाही, हे त्यांना रोज थोडं थोडं कळत होतं.

सगळ्यांना हसवणारे नंदूभाऊ स्वतः मात्र हसत नव्हते. राखण नुसती बघत होती, टोला बसणार नव्हता, हे त्यांना ठाऊक होतं. पण अंगाने धसका घेतला होता. हसू घशापर्यंत यायचं आणि तिथेच अडायचं.

नवी शिकवलेली राखण तयार झाली. सगळ्या चाचण्यांत पास झाली. आता ती खऱ्या माणसात चालू करून खरं हसू बघायचं होतं, आणि नंदूभाऊ म्हणाले, "पह्यला मीच." खाटेशेजारी सगळी मशीनं आणून ठेवली, दोन डॉक्टर तयार उभे राहिले. साजिदने राखण चालू केली. मित्रांनी आपले ठेवणीतले विनोद काढले. आजींच्या नातवाने बोबडं गाणं म्हटलं. अख्खा वॉर्ड हसला. नंदूभाऊ दोन्ही हातांनी खाटेच्या कडा धरून बसले होते, डोळे मिटून, टोल्याची वाट बघत.

"नाई होत," ते म्हणाले. डोळ्यांत पाणी आलं होतं. "डॉक्टर, मले वाटते माह्यं हसू गेलं."

बाई खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या. त्या पुढे झाल्या, नंदूभाऊंच्या उशाचा माईक उचलला, चष्मा सारखा केला, आणि राउंडला बोलायच्या त्याच कडक आवाजात सुरू झाल्या.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे."

वॉर्ड गार पडला.

"गणेशपेठकडे जाणारी डॉ. गावंडे ही गाडी तीस वर्षं उशिराने धावत आहे. उशिराचं कारण असं, की सदर गाडी तेवीस नंबर फलाटावर उभी होती, आणि ड्रायव्हर स्वतःही हॉर्न वाजवत नव्हता, दुसऱ्यालाही वाजवू देत नव्हता. गाडीत सीट एकच आहे. ती लग्नापासून राखीव आहे. संबंधित प्रवासी गेले काही महिने गाडीतून उतरून शेतमालाचे भाव बघत बसला आहे. त्याच्याशिवाय गाडीला जिना चढवत नाही. त्याने ताबडतोब हसावे, नाहीतर त्याला डिस्चार्ज मिळणार नाही. गैरसोयीबद्दल..." इथे बाईंनी माईक दुसऱ्या हातात घेतला, "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

नंदूभाऊंनी डोळे उघडले. बायकोकडे पाहिलं. अॅप्रन, चष्मा, हातात माईक आणि कपाळावर परीक्षा घेतानाची आठी. त्यांचे खांदे हलले. "अरे बाप्पा," ते म्हणाले, "डॉक्टर, तू..." आणि पुढचे शब्द निघालेच नाहीत. पोट हललं. खाट हलायला लागली. मॉनिटरवरच्या रेषा नाचायला लागल्या. दोन्ही डॉक्टर पुढे सरकले. नंदूभाऊ हसत होते, डोळे पुसत होते, पुन्हा हसत होते, आणि त्यांचे हात खाटेच्या कडांवरून कधी सुटले ते त्यांनाही कळलं नाही.

बाईंचा फोन किणकिणला.

बाईंनी फोन वर केला. पडद्यावर नवीच ओळ होती. ती साजिदने कधी घातली होती ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

'रुग्ण हसत आहे. धोका नाही.'

बाईंनी ते मोठ्याने वाचलं. मग त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला. सिस्टरांना आधी वाटलं मॅडमना ठसका लागला. पण तो ठसका नव्हता. डॉ. ज्योत्स्ना गावंडे तेवीस नंबर वॉर्डात, राउंडच्या वेळेला, खाटेची कड धरून हसत होत्या, आणि त्यांना ते थांबवता येत नव्हतं.

"मॅडम," साजिद म्हणाला, "हे टिपून घ्यायला पाहिजे होतं."

बऱ्याच वेळाने त्यांनी चष्मा पुसला, अॅप्रन सारखा केला. "चला," त्या म्हणाल्या, "राउंड. बेड एक." बेड एकवरच्या सावनेरच्या आजी अजून पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि त्यांना काही केल्या आवरत नव्हतं. बाईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि आजींचं हसणं संपेपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या.